शुक्रवारची शिट्टी

अकोल्यात खोली पाहायला गेले, तेव्हा घरमालकानं मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न कधी करणार हेसुद्धा विचारलं नाही. दारातच उभं राहून त्यांनी एकच विचारलं, "शिट्टीचा तरास होते काय तुले?"

मला वाटलं, बोलताहेत कुकरबद्दल. म्हटलं, "नाही होत."

"मंग राह्य. सामान कवा आनते?"

असे आमचे गार्डसाहेब. मी हिवरखेडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत नवीनच लागलेली, आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षं राहिले. घर सोडलं ते बदली झाली म्हणून, नाहीतर मला तिथून कोणी हलवलं नसतं.

शिट्टी कुकरची नव्हे, हे पहिल्याच शुक्रवारी कळलं. दिवस कलायला आला, आणि खाली अशी कर्रकन् शिट्टी झाली की माझ्या हातातला चहा सांडला. गॅलरीतून वाकून पाहिलं तर गार्डसाहेब पांढरी पँट, पांढरा सदरा, डोक्याला टोपी अशा थाटात ओट्यावर उभे, आणि समोरच्या रिकाम्या गल्लीला हिरवी झेंडी दाखवून राहिलेत!

"गाडी सुटली!" ते ओरडले. समोरच्या किराणावाल्यानं दुकानातूनच हात वर केला. सवयीनं. त्या गल्लीला ते दर शुक्रवारचंच होतं.

गार्डसाहेब मालगाडीवर गार्ड होते, आयुष्यभर भुसावळ ते बडनेरा केलेलं. ते धर्मानं ज्यू. बेने इस्राएल म्हणतात त्यांच्यातल्या लोकांना. पूर्वज कधीकाळी गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले, तिथे घाणे घातले, तेल काढायला लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. गार्डसाहेबांचे आजोबा रेल्वेबरोबर वऱ्हाडात आले आणि इथलेच झाले. आडनावाच्या शेवटी कोकणातलं गाव आणि तोंडात अस्सल अकोल्याची बोली. पूर्ण अकोल्यात त्यांच्या धर्माचं तेव्हा ते एकच घर उरलं होतं, आणि त्या घरात तेही एकटेच. बायको गेलेली, मुलगा इस्राएलात.

शुक्रवारी सूर्य मावळण्याआधी शिट्टी आणि हिरवी झेंडी, की शब्बाथ सुरू. मग शनिवारी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत काम नाही, पैशाला हात नाही, विस्तवाला हात नाही. शनिवारभर फाटकाला लाल झेंडी बांधलेली असायची. लाइटचं मीटर वाचायला येणारा माणूससुद्धा ती झेंडी पाहून सायकल वळवायचा. म्हणायचा, "आज सिग्नल नाही ना बाप्पा!"

मी मात्र पहिल्याच शनिवारी माती खाल्ली. भर दुपारी ओट्यावरचा दिवा जळत होता. म्हटलं, म्हातारा माणूस, विसरला असेल, बिल येईल बिचाऱ्याला. जाता जाता बटन बंद केलं आणि स्वतःवर खूश होऊन शाळेच्या कामाला गेले. संध्याकाळी परत आले तर हे अंधारात खुर्चीवर बसलेले, आकाशाकडे पाहत. तीन चांदण्या मोजून झाल्यावर उठले, स्वतः दिवा लावला आणि म्हणाले, "शनवारचा दिवा म्या शुक्रवारीच लावून ठेवत असतो वं मास्तरीनबाई. तू इझवला काय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मग मला सांगायचं ना, लाव म्हणून!"

"दुसऱ्याले सांगूनबी करून घेता येत नाई," ते म्हणाले. "आन तुनं चांगल्या मनानंच इझवला ना? मंग जाऊ दे. चांदन्या लय साजऱ्या दिसल्या आज."

त्यांचे सण तर मला पाठ झाले, कारण सगळ्यांची नावं आपली मराठी. दरफाळणीचा सण आला की दारंखिडक्या लावून, पांढरे कपडे घालून दिवसभर कडक उपास. दुसऱ्या दिवशी शिळा सण. खिरीचा सण वेगळा. बिरड्याच्या सणाला उपास सोडायला वालाचं बिरडंच पाहिजे. वऱ्हाडात वाल कोण खातो? म्हणून या माणसानं फाटकापासून विहिरीपर्यंत तारेच्या कुंपणावर वाल चढवला होता. पहिल्यांदा मी नाक मुरडलं, "कडू लागतंय." ते म्हणाले, "तुह्या मायच्या अंबाडीच्या भाजीले मी कदी आंबट म्हन्लं काय?" पुढच्या वर्षी दोन वाट्या खाल्ल्या मी.

या घरात मला कळलं की ज्यू म्हणजे एकच एक काही नसतं. कोचीनचे निराळे, बगदादहून आलेले निराळे, यमनचे, मोरोक्कोचे, युरोपातले, हबशी देशातले, सगळे निराळे. प्रार्थना तीच, पण चाल निराळी, ताटातलं निराळं, नवरीचा पोशाख निराळा. गार्डसाहेबांना या निराळेपणाचं कोण कौतुक! रेल्वेची एक लांबोडकी वही होती त्यांच्याकडे. पूर्वी गाडी कुठे किती मिनिटं थांबली ते तिच्यात लिहायचे, निवृत्तीनंतर 'कोणत्या घरचे लोक सणाला काय करतात' ते लिहायला लागले.

चिखलदऱ्याला इस्राएलची दोन फिरस्ती पोरं उतरलीत, असं एकदा कोणाकडून कळलं. झालं! गार्डसाहेबांनी पहिली एसटी धरली, आणि मला सुट्टी म्हणून मलाही ओढलं, इंग्रजी बोलायला. पोरं पंधरा दिवसांच्या दाढ्या वाढवून पॉइंटवर कॉफी पीत बसलेली. हे समोर जाऊन बसले, वही उघडली आणि मला म्हणाले, "इचार यायले, आजी नवीन वर्षाले काय रांधते?" पोरं आधी घाबरली, त्यांना वाटलं पोलीस आहे. मग एकजण आजीच्या गोड गाजरांबद्दल सांगायला लागला आणि सांगता सांगता थांबेचना. परतताना गार्डसाहेबांनी घरून आणलेला डबा त्यांना दिला. गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "गाजराले साखर घालते म्हने त्याची आजी. आपुन हलवा करतो, ते भाजी करते. पन साखर हायेच ना?"

त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. "टेसनमास्तर इंजिनाकडे पाहून समजत नाई गाडी पूर्न आली म्हनून. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसला, का मंगच समजते." मुंबईच्या नातेवाइकांनी फोनवर 'तिथं एकटे काय करता, इकडे या' म्हटलं, की हेच वाक्य टाकायचे. आपण अकोल्याचे म्हणजे शेवटचा डबा, असं त्यांचं म्हणणं.

आणि कोंबड्या! त्यांच्यात कोंबडी कापायची म्हणजे नियमानं कापावी लागते. तरुणपणी ते पनवेलकडच्या एका जाणत्या माणसापाशी शिकून आलेले. सुरीला केसाएवढीही खाच चालत नाही. कापण्याआधी धार अंगठ्याच्या नखावरून फिरवून पाहायची, खाच लागली तर कापायचं नाही. आता गंमत अशी, की नऊ वर्षांत त्यांच्या सुरीला दर वेळी खाच निघाली. दर वेळी! कोंबडा बगलेत, सुरी नखावर, आणि हे मान हलवून म्हणणार, "खाच हाय." कोंबडा सोडला. त्या कोंबड्याचं नाव मेल आणि कोंबडीचं नाव पॅसेंजर. दोघं अंगणात म्हातारी होत होती. मी एकदा म्हटलं, "गार्डसाहेब, खाच सुरीला आहे का मनाला?" तर मला म्हणाले, "तू तुह्या शाळंत जाय."

मग त्यांच्या इस्राएलातल्या नातीचं लग्न ठरलं.

ही नात लहानपणी अकोल्यात आली असताना तापानं फणफणली होती. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा गार्डसाहेबांनी एलियाहू नबीला, त्यांच्या जुन्या प्रेषिताला, नवस बोलला: पोरगी वाचली तर तिचं लग्न ठरल्यावर याच ओट्यावर मलिदा करीन. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, त्यात साखर, खोबरं, वेलची, सुकामेवा. ताटात त्याचा डोंगर करायचा, भोवती फळं ठेवायची, गुलाब ठेवायचा, प्रार्थना म्हणायच्या आणि सगळ्यांना वाटायचा. हा मलिदा फक्त त्यांच्या लोकांत. बाकी जगातल्या ज्यूंना तो माहीतच नाही.

नातीला मुलगा मिळाला तो यमनहून इस्राएलात येऊन राहिलेल्या घराण्यातला. मुलाची आई कडक, नियमाची पक्की. तिनं फोनवर नातीमार्फत विचारून घेतलं: घरात मांसाची आणि दुधाची भांडी वेगळी आहेत ना? कोंबडी कोण कापतं? मलिदा म्हणजे नेमकं काय? तो कशासाठी करतात?

त्या फोननंतर गार्डसाहेब बदललेच. रात्रंदिवस घर घासायला लागले. एके दिवशी मी खाली गेले तर मांडीवर एक जुनं पत्र. त्यांच्या मोठ्या बहिणीचं. ती पहिल्या खेपेला इस्राएलात गेली होती, आणि लग्नाच्या वेळी तिथल्या कुण्या कारकुनानं तिला विचारलं होतं, तुम्ही काळेसावळे, मराठी बोलता, तुम्ही खरे ज्यू कशावरून? पिढ्यांचा पुरावा आणा. पत्रात तिनं ते लिहिलं होतं, आणि अक्षरं जिथे ओली झाली होती तिथे शाई फुटली होती.

"माहं काय वं," गार्डसाहेब म्हणाले. "मी आज हाय, उद्या नाई. पन पोरीले सासरी असं कोनी इचारू नये. मलिद्याले हसले ते, तं मंग पोरगी जनमभर खाली मान घालून राहीन."

"हसायला काय झालं?" मी चिडून म्हटलं. "गोड आहे की!"

पण त्यांना ते लागलं होतं. मलिदा टाळता येत नव्हता, नवसाचा होता. बाकी जे जे आपलं वेगळं म्हणून दिसेल ते ते त्यांनी झाकायला सुरुवात केली.

पाहुणे शुक्रवारी सकाळच्या गाडीनं उतरले. नात, तिचा होणारा नवरा आणि त्याची आई. गार्डसाहेबांच्या मुलाला रजा मिळाली नव्हती. विहीणबाई लहानखुऱ्या, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, हातात चांदीची कडी, नजर अशी की घरातलं जाळं दिसल्याशिवाय राहू नये. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी भांड्यांच्या दोन्ही फळ्या पाहिल्या. मांसाच्या भांड्यांना लाल रंगाचा ठिपका, दुधाच्या भांड्यांना हिरवा, तेही रेल्वेचंच डोकं. बाईंनी एक पातेलं उलटं करून पाहिलं आणि ठेवून दिलं. गार्डसाहेबांनी ते पुसून पुन्हा जागेवर सरळ केलं.

संध्याकाळी दिवस कलला. मी गॅलरीत येऊन उभी राहिले. किराणावाला दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. शिट्टी झालीच नाही.

मी खाली वाकून पाहिलं. नात विचारत होती, तिच्या मोडक्या मराठीत, "आजोबा, शिट्टी?" आणि गार्डसाहेब खिशावर हात ठेवून पुटपुटले, "राहू दे आज."

नऊ वर्षांत पहिल्यांदा शुक्रवार मुकाट्यानं आला. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी मलिदा. मुंबईहून दहा-बारा नातेवाईक आले. जेवणाचं माझ्या आईनं अंगावर घेतलं होतं, ती हिवरखेडहून आदल्या दिवशीच येऊन ठेपलेली. पहाटे गार्डसाहेबांनी बाजारातून आणलेल्या कोंबड्या स्वतः कापल्या. या खेपेला सुरीला खाच निघाली नाही. मेल आणि पॅसेंजर मात्र माझ्या खोलीत कोंडलेले, त्यांना दिसू नये म्हणून! मांस मीठ लावून, धुऊन त्यांनी आईच्या हवाली केलं आणि ओट्यावर मलिदा मांडायला गेले.

मलिदा झाला. नागपुरी संत्री, केळी, खजूर, मधोमध पोह्यांचा डोंगर आणि वर गुलाब. मंडळींनी एलियाहू नबीचं नाव घेऊन गायलं. विहीणबाई अधूनमधून नातीच्या कानाशी लागून काहीबाही विचारत होत्या. गार्डसाहेब खालमानेनं म्हणत होते, पण नेहमीचा आवाज काही लागला नाही.

मग अंगणात पंगत बसली. पानांवर भात वाढून झाला. माझी आई रश्श्याचं पातेलं घेऊन आली, पदर खोचलेला, चेहऱ्यावर तेज. पंगतीपासून दूर उभ्या असलेल्या गार्डसाहेबांना हळूच म्हणाली, "पाहा भाऊ, कशी लोन्यावानी नरम झाली! सकायपासून दह्यात ठेवली म्या. घरच्या म्हशीचं दही आनलं होतं ना."

मांसाला दूध-दही लागणं म्हणजे त्यांच्यात जेवण गेलंच. नऊ वर्षं मी त्या दोन फळ्या पाहत होते, आणि आईला एवढं एक सांगायचं विसरले! आईनं माझं तोंड पाहिलं. मी कानात सांगितलं. "अगा माय माय!" ती पुटपुटत खालीच बसली. "म्या बाटवलं म्हना यायचं जेवन!"

आता खरं सांगते, त्या वेळी मी वाईट बोलले. गार्डसाहेबांजवळ जाऊन हळूच म्हटलं, "आपण तिघांशिवाय कोणाला माहीत नाही. वाढू द्या. आजचा दिवस निघून जाईल."

त्यांनी पंगतीकडे पाहिलं. पहिल्याच पानावर विहीणबाई बसलेल्या.

"मास्तरीनबाई," ते म्हणाले, "मालगाडीच्या एका डब्याचं चाक गरम झालं, ते कोनालेच दिसत नाई. गार्डाले दिसते. मंग काय, जाऊ द्याची?"

आणि खिशातून शिट्टी काढून त्यांनी अशी वाजवली की वडाच्या झाडावरचे कावळे उडाले. घरातून शनिवारची लाल झेंडी आणली आणि पातेल्यावर धरली.

"मंडळी, हात थांबवा. कोंबडीले दही लागलं. चूक या बाईची नाई, माही हाय. घर माहं, सांगाचं काम माहं. आज हे आपल्याले चालत नाई."

नातीनं विहीणबाईंना सगळं समजावून सांगितलं. बाई उठल्या. कमरेवर हात ठेवून लांबलचक काहीतरी बोलल्या. गार्डसाहेबांनी झेंडी गुंडाळून काखेत धरली. मला म्हणाले, "पुरावा मांगून राहिली असन."

नातीच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "आजोबा, त्या विचारतात, ही शिट्टी शुक्रवारी का नाही वाजवली? मी त्यांना सांगितलं होतं शिट्टीचं. त्या वाट पाहत होत्या. त्यांना वाटलं, आम्ही तुम्हाला आवडलो नाही."

गार्डसाहेबांनी हातातल्या शिट्टीकडे पाहिलं.

बाई बोलतच होत्या, नात सांगत होती. त्यांची आजी यमनहून आली तेव्हा तिच्या चालीरीतींना लोक हसले होते, तिचे दागिने, तिची गाणी, तिची भाकरी. आजीनं सगळं पेटीत घालून ठेवलं, पुन्हा काढलंच नाही. म्हणून मलिद्याबद्दल इतकं विचारलं. शिकायचा होता त्यांना. भांड्यांचंही भलत्या संशयानं विचारलं नव्हतं, पाहुणी म्हणून स्वतः रांधायला उभं राहायचं होतं. आणि मघाशी म्हणाल्या ते असं: पाहुण्यांच्या ताटावरून स्वतःच्या हातानं पातेलं परत फिरवतो, त्या माणसाच्या नातीला मी काय विचारणार?

"काहून सांगितलं नाई मंग आधी!" गार्डसाहेब ओरडले, आणि तिथेच ओट्यावर बसून लहान पोरासारखे रडले. मग हसले. मग पुन्हा शिट्टी वाजवली, काही कारण नसताना.

माझी आई म्हणजे आई. पाच मिनिटांत पदर पुन्हा खोचला, हिरव्या ठिपक्याची भांडी काढली आणि पिठलं टाकलं. चुलीवर ज्वारीच्या भाकरी. पाट्यावर मिरच्या, लसूण, मीठ, ठेचा. विहीणबाई शेजारी येऊन बसल्या, वास घेतला आणि धावत आत जाऊन बॅगेतून एक बरणी घेऊन आल्या. हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर वाटलेली. त्यांच्याकडे म्हणे प्रत्येक जेवणाला लागते. आईनं बोटभर चाटली, डोळ्यांतून पाणी, कान लाल, आणि म्हणाली, "बापा! हे तं आपल्याच गावची निंगाली!" बाईंनी ठेचा खाल्ला, ठसका लागला, आणि दोघी एकमेकींच्या पाठीवर थापट्या मारत बसल्या. एकीला मराठी येईना, एकीला हिब्रू येईना. संध्याकाळपर्यंत काही अडलं नाही त्यांचं. मेंदीसुद्धा दोघींनी मिळून लावली पोरीला, कारण नवरीला मेंदी यमनवाल्यांकडेही लागते आणि गार्डसाहेबांकडेही.

कोंबडी गल्लीत वाटली. गल्लीची चंगळ झाली. किराणावाला दोनदा भांडं घेऊन आला आणि वर म्हणतो, "गार्डसाहेब, असं दही दरसाली लागू द्या."

त्या दिवशी वहीची चार पानं भरली. शेवटचं पान विहीणबाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं, उजवीकडून डावीकडे. गार्डसाहेबांनी खाली मराठीत लिहिलं, 'ठेचा (यमन)'.

सोमवारी स्टेशनवर गाडी हलायच्या आधी त्यांनी खिशातून शिट्टी काढली, खिडकीतून विहीणबाईंच्या हातात ठेवली आणि वर हिरवी झेंडीही दिली. बाई नको नको म्हणत राहिल्या. हे म्हणाले, "दरसाल किती शुक्रवार येते! मी एकटा किती वाजवू?"

पुढच्या शुक्रवारपासून गार्डसाहेब तोंडानंच शिट्टी घालायचे. नातीच्या लग्नाचे फोटो त्यांनी गल्लीत घरोघर नेऊन दाखवले, मेल आणि पॅसेंजरलासुद्धा दाखवले. मग माझी बदली झाली, आणि दोन वर्षांनी, एका शनिवारी दुपारी, फाटकाला लाल झेंडी असतानाच ते झोपेत गेले. मीटरवाला सायकल वळवून गेला होता. कोणाला त्रास दिला नाही.

मी आता अमरावतीला असते. दर शुक्रवारी, आमच्याकडे कणीक मळून होते न होते, तोच फोन वाजतो. पडद्यावर समुद्राकडची एक गॅलरी, तिकडे दिवस अजून मावळायचा असतो. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेल्या विहीणबाई दोन्ही गाल फुगवून शिट्टी वाजवतात, हिरवी झेंडी हलवतात आणि अकोल्याच्या गल्लीत ओरडावं तसं ओरडतात, "गाडी सुटली!"

मी पिठाचा हात वर करते.